खाण तशी माती, पण मशागत आपल्या हाती



गेल्या हंगामात वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग लागली होती. चहा पिता पिता एक सभासद म्हणाले, "आज्याला साखर, बापाला साखर. आमच्या रक्तातच हाय. पथ्य करून काय उपेग?" बोलणारे हातापायांनी काटकुळे, पोट तेवढे सुटलेले. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख.

उसाला बेणे, तसे माणसाला जनुक. २००७ साली 'एफटीओ' या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध आढळला. त्याचा एक प्रकार आई-वडील दोघांकडूनही आलेल्यांचे वजन युरोपातील पाहणीत सरासरी तीन किलोने जास्त भरले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सी.सी.एम.बी. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवले, की आपल्या लोकांत या जनुकाचा मधुमेहाशीही संबंध आहे आणि तो नुसत्या वजनापुरता नाही. डॉ. याज्ञिकांनीच पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे तपासली होती. ती सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती! तेव्हा अंगकाठीवर जाऊ नये.

आता म्हातारपणाकडे वळू. कासऱ्याचे टोक उसवू नये म्हणून आपण गाठ मारतो. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांनाही अशीच गाठ असते, तिला टेलोमिअर म्हणतात. पेशीची दोन शकले होताना ती थोडी थोडी झिजते. फार झिजली की पेशी थकते. २००५ साली ब्रिटनमधील ११२२ स्त्रियांच्या पाहणीत लठ्ठ स्त्रियांची ही टोके सडपातळ स्त्रियांपेक्षा आखूड आढळली. जादा चरबीने अंगात बारीक दाह धुमसत राहतो, त्याने झीज वाढत असावी. म्हणजे जनुक चरबी वाढवते आणि चरबी पेशीला लवकर म्हातारी करते, अशी ही साखळी असण्याचा संभव आहे.

ही साखळी मधेच तोडता येते. दोन लाखांवर माणसांच्या माहितीतून २०११ साली दिसले, की अंगमेहनत करणाऱ्यांत या जनुकामुळे येणारा लठ्ठपणाचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो.

पूर्वी आपण रानात पायी जायचो, आता बांधापर्यंत फटफटी जाते. तीच वाट रोज पायी चालावी. ज्वारीची भाकरी ताटात परत आणावी, दिवसाचे चहा मोजावेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखर तपासून घ्यावी.

एकच बेणे दोन रानांत सारखा उतारा देत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. साखर पोत्यात भरू या, रक्तात नको.