बेकारभत्ता : कोणाचा हक्क, कोणाचा पैसा?

बल्लारपूरच्या कागद कारखान्यातील वा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातील कामगाराच्या वेतनपत्रकावर ‘व्यवसाय कर’ म्हणून दरमहा २०० रुपयांची कपात आढळते. फेब्रुवारीत ती ३०० रुपये होते. मालकाने ती कापून शासनाकडे भरावयाची असते. हा कर १९७५ साली मुख्यतः रोजगार हमी योजनेसाठी लावण्यात आला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. जेवढा कर जमा होईल तेवढीच रक्कम राज्य शासनानेही घालावी, अशी तरतूद होती. पगारदाराने बेरोजगार मजुरास हातभार लावावा, ही कल्पना आम्हांस आजही मोलाची वाटते.

वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे या योजनेचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा, असे त्यात होते. भत्ता किती? दररोज किमान एक रुपया!

केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ साली झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो प्रथम ज्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही होते. त्याने भत्त्याचा दर मजुरीशी जोडला : आर्थिक वर्षातील पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व त्यानंतर किमान निम्मा. समजा, मजुरी ३०० रुपये असेल तर प्रथम ७५ आणि पुढे १५० रुपये. अकुशल कामाची मजुरी केंद्राने द्यावयाची. बेकारभत्ता मात्र राज्याने. काम दिले तर खर्च केंद्राचा, न दिले तर राज्याचा! राज्याने वेळेवर काम काढावे, हा त्यातील हेतू होता. परंतु त्यामुळेच मागणीची नोंद टाळण्याचा मोहही निर्माण झाला, असे आमचे मत आहे.

म्हणून खरे महत्त्व आहे ते दिनांक घातलेल्या पोचपावतीचे. पंधरा दिवस मोजावयाचे ते अर्जापासून. ग्रामरोजगार सेवकाला नुसते तोंडी सांगितले तर हाती पुरावा उरत नाही. धानाची कापणी आटोपल्यापासून तेंदूपानांच्या हंगामापर्यंत आपल्या जंगलपट्ट्यात हाताला काम नसते. अनेक कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. अर्ज द्यावयाचा तो गाव सोडण्यापूर्वी. अर्थात, काम देऊ केल्यावर जो पंधरा दिवसांत हजर होत नाही, त्याचा भत्त्यावरील हक्क तीन महिने जातो, हेही त्या कायद्यात होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, बेकारभत्ता कायम राहिला आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के अशी ठरली. म्हणजे आता काम दिले तरी राज्याच्या तिजोरीवर भार येणारच. शिवाय पेरणी व कापणीच्या काळात वर्षाकाठी एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा आहे. रोवणीत शेतावर काम असतेच, तेव्हा त्या बंदीने फारसे बिघडणार नाही. कापणीनंतरचे दिवस मात्र तीत येऊ नयेत, हे ग्रामसभेने ठराव करून तहसीलदारांना वेळीच कळविणे इष्ट होईल.