संगणक सांभाळायलाही शिका!

चळवळीच्या कार्यालयात आज संगणक आला आहे. विहार समितीचा जमाखर्च, सभासदांची यादी, अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादी, पीडितांचे अर्ज आणि छायाचित्रे, सारे त्यातच साठवलेले असते. पण या संगणकाचा कारभारी कोण? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही! पासवर्ड सर्वांना तोंडपाठ आणि पेन ड्राइव्ह कोणाचाही चालतो. दप्तराच्या कपाटाला आपण कुलूप लावतो, मग संगणकाचेच दार सताड उघडे का?

हा प्रश्न किती गंभीर आहे ते भीमा कोरेगाव प्रकरणाने दाखवून दिले. या प्रकरणात २०१८ साली अटक झालेल्यांत नागपूरचे अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग आणि रोना विल्सन हे होते. बचाव पक्षाने त्यांच्या संगणकांतील माहितीच्या प्रती अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतल्या. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या अहवालांनुसार, विल्सन यांना १३ जून २०१६ रोजी परिचिताच्या खात्यावरून ई-मेल आला. त्यातली फाइल उघडताच 'नेटवायर' नावाचा घुसखोर प्रोग्रॅम आत शिरला आणि बावीस महिन्यांहून अधिक काळ संगणक परक्याच्या ताब्यात राहिला. गडलिंग यांच्या संगणकाबाबत हा काळ वीस महिन्यांहून अधिक होता. आरोपास आधार ठरलेल्या फायली बाहेरून आत ठेवल्या गेल्या, असा या अहवालांचा निष्कर्ष आहे. तपास यंत्रणेने तो मानला नाही. विल्सन यांना जामीन मिळायला मात्र जानेवारी २०२५ उजाडावा लागला!

यातून धडा काय? संगणक वापरता येणे वेगळे आणि सांभाळता येणे वेगळे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आपल्या वस्त्यांत घरोघरी आहे. आता पुढची पायरी चढली पाहिजे.

पहिली गोष्ट, प्रत्येकाचे खाते वेगळे हवे. नवीन प्रोग्रॅम टाकण्याचा अधिकार असलेले अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते एका जबाबदार कार्यकर्त्याकडे ठेवावे आणि त्यानेही रोजचे काम साध्या खात्यातूनच करावे. दुसरी, चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये आणि अपडेट टाळू नये. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. जुन्या यंत्रावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली चालते का, ते पाहावे. तिसरी, ई-मेलला दुहेरी पडताळणी लावावी. ओळखीच्या नावाने आलेली फाइलसुद्धा पाठवणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये. चौथी, महत्त्वाच्या कागदपत्रांच्या तीन प्रती असाव्यात. त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर ठेवावी.

एवढ्याने प्रत्येक हल्ला थांबेल, असे आम्ही म्हणत नाही. पण घुसणाऱ्याचे काम अवघड होते आणि एक प्रत गेली तरी दुसरी हाताशी राहते.

वकील म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू नमूद करावी लागते. ही व्हॅल्यू म्हणजे माहितीचा अंगठ्याचा ठसा! फायलीतले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. संगणक जप्त झाला तर हॅश व्हॅल्यूची लेखी मागणी करा आणि पंचनाम्याची प्रत घ्या. हा आपला हक्क आहे, पण ज्याला तो माहीत नाही तो मागणार कसा?

बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते ग्रंथ नीट राहावेत म्हणून. ज्ञान मिळवणे आणि जपणे ही दोन्ही कामे त्यांनी केली. आपले आजचे दप्तर संगणकात आहे. तेव्हा प्रत्येक विहाराने निदान एक तरुण आणि एक तरुणी या कामासाठी तयार करावी. आपल्या समाजातील संगणक अभियंत्यांनी पुण्या-मुंबईच्या नोकरीतून महिन्याचा एक रविवार काढून त्यांना शिकवावे. हेही धम्मदानच आहे. 'शिका' हा आदेश शाळेच्या दाखल्यापाशी संपत नाही. ज्या यंत्रात चळवळीची उद्याची साक्ष साठते आहे, ते यंत्र राखायला शिकणे हाही त्याचाच भाग आहे.

जयभीम!