रविवारची उपासना आणि सोमवारची

मंडळी, आज निरूपणाला एकच शब्द घेतलाय. उपासना. हा शब्द आपण इतका वापरतो की झिजून पार गुळगुळीत झालाय. रविवारी घंटा झाली की आपण एकमेकांना विचारतो, उपासनेला येताय ना? आपल्या गीतांच्या पुस्तकाचं नावसुद्धा ‘उपासना संगीत’. कॅथलिक बांधव मिस्सा म्हणतात, एवढाच फरक. म्हणजे झालं काय, तर उपासना ही दीड तासाची वस्तू होऊन बसली. साडेनवाला सुरू, अकराला आशीर्वाद, बाहेर येऊन चपला शोधल्या, चला घरी.

आता शब्द उघडून बघा. उप म्हणजे जवळ, आणि आस् या धातूचा अर्थ बसणे. देवाजवळ बसणे ती उपासना. अर्थ गोड आहे, आणि कीर्तनकाराला तर फारच सोयीचा, कारण श्रोते बसलेलेच बरे! पण पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्याच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी त्याने जो ग्रीक शब्द घातला तो ‘लात्रेइया’. त्यात बसणं नाही, चाकरी आहे. त्याच्या मागे जुन्या करारातला इब्री शब्द, ‘अवोदा’. तो मंदिरातल्या सेवेलाही चालतो आणि शेतातल्या राबण्यालाही. देवाने आदामाला एदेन बागेत ठेवलं ते मशागत करायला, आणि तिथलं क्रियापद याच धातूचं. पहिल्या माणसाच्या हाती टाळ दिला नाही हो, काम दिलं.

आणि पौल तिथे अर्पण काय करायला सांगतो? शरीर. मनाचं तो पुढच्या वचनात बोलतो, आधी शरीर. शिवाय म्हणतो, जिवंत यज्ञ व्हा. यरुशलेमेच्या मंदिरात बळी आणला की तो वेदीवर एकदा गेला, संपला. जिवंत यज्ञाचं तसं नाही. त्याला वेदीवरून उठून परत घरी यावं लागतं, पहाटे म्हशीच्या कासेखाली बसावं लागतं, बादली घेऊन डेअरीवर जावं लागतं. आणि तिथे त्या बादलीत पाणी किती, हे फॅटच्या मशिनीला कळण्याआधी कुणाला कळलेलं असतं? हसताय तुम्ही. मीही दूध घालणाऱ्याच घरचा आहे.

तुमच्यातले पुष्कळ जण सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला पायी जाता. वाटेत कुणी विचारतं, बुवा, देव सगळीकडे आहे तर पाय कशाला झिजवायचे? हा प्रश्न नवा नाही. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाईने प्रभूला हाच विचारला. आमचे वाडवडील या डोंगरावर भजत आले, तुम्ही म्हणता यरुशलेमेत भजा. खरं ठिकाण कोणतं? प्रभूने दोन्ही ठिकाणांच्या पलीकडे बोट दाखवलं, आत्मा आणि खरेपणा यांच्याकडे. म्हणून यात्रा सोडा असं मी म्हणणार नाही. स्वतः प्रभूही सणाला वर यरुशलेमेस जात होता. पण हे बोलणं झालं कुठे ते बघा. मंदिरात नाही, पाणवठ्यावर, भर दुपारी. आणि त्याची सुरुवात झाली ती प्रभूने तिच्याजवळ पाणी मागितलं तिथून. यहूदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला शिवत नसे. विहिरीवर चढू न देणं म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय, नवरा ख्रिस्ती झाला तरी त्यांचं सोवळं कितीतरी दिवस सुटत नव्हतं, आणि मग एकदा ते कसं गळून पडलं. मी म्हणतो, कुणाच्याही हातचं पाणी त्या प्यायल्या, ती त्यांची पहिली उपासना. बाप्तिस्मा नंतरचा.

आता दृष्टान्ताला एक साधू घेतो. सतराव्या शतकातला, फ्रान्स देशातला, नाव ब्रदर लॉरेन्स. आधी शिपाई होता. पुढे पॅरिसच्या कार्मेलाइट मठात राहिला, पायाने अधू. मठाने काम दिलं स्वयंपाकघरातलं, आणि गंमत अशी, की याला स्वयंपाकघराचाच तिटकारा! एकदा मठासाठी द्राक्षारस आणायला दूर धाडलं. याला व्यवहार कळेना, नावेत चालता येईना, तर पिंपांवरून लोळत लोळत इकडून तिकडे जाई. देवाला म्हणे, काम तुझं आहे, तू बघ. तो सांगत असे, प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ मला वेगळी वाटत नाही. भांड्यांचा खडखडाट चाललाय, चार जण चार वस्तू मागताहेत, तेव्हाही तो देवापाशी तितकाच स्वस्थ, जितका वेदीपुढे गुडघे टेकून. त्याचं बोलणं आणि पत्रं तो १६९१ साली वारल्यावर दुसऱ्यांनी जमवून छापली. आपण मात्र पोळपाट बाजूला सारल्याशिवाय देव आठवायचा नाही असं ठरवून टाकलंय. बायांनो, तुम्हालाच सांगतोय असं नाही, पोळपाटाला हातही न लावणाऱ्यांना आधी सांगतोय.

इथवर सोपं होतं. आता अवघड जागा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. नीट वाचा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे, असं नाही म्हटलेलं. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध. म्हणजे उठायचं कुणी? तू.

या वचनावर मी कितीदा कीर्तन केलं असेल! आणि माझा सख्खा धाकटा भाऊ अकरा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. कारण बांध. दर नांगरटीला मी बांधाचा एक घास घेत गेलो. नांगर माझा, बैल माझे, विचारणार कोण? पाच-सहा वर्षांत दीड काकर माझ्याकडे सरकली. एकदा आमच्याच गावात नाताळच्या आदल्या रात्री कीर्तन होतं, विषय क्षमा. उत्तररंग रंगात आला, मी डोळे मिटून आळवतोय, आणि डोळे उघडले तर धाकटा मागच्या रांगेतून उठून चाललेला. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. पेटीवाल्याने स्वर धरून ठेवला होता म्हणून निभावलं.

त्याच रात्री त्याच्या दारात गेलो, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. गेलो नाही. तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत चार कीर्तनं केली, बिदागीही घेतली. मग एका संध्याकाळी गेलो. भावजयीने पाणी दिलं. भाऊ बाहेर आलाच नाही, आतूनच म्हणाला, आण्णा, माफी नंतर मागा, आधी बांध सरळ करा.

बरोबर होतं त्याचं. जखयाला कर वसूल करताना केलेली लबाडी आठवली तेव्हा तो नुसता रडत बसला नाही, चौपट परत करतो म्हणाला. मी चौपट दिलं नाही. दोन्हीकडची जुनी माणसं बोलावली, जुना दगड जिथे होता ती जागा त्यांनी दाखवली, आणि खुणेच्या दोरीने मी माझ्या हाताने बांध घातला. दोन दिवस लागले. पाठ मोडून आली. त्या दोन दिवसांत एक अभंग ओठावर आला नाही की प्रार्थनेचा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा फावडं घेऊन पलीकडच्या बाजूने आला आणि काही न बोलता माती ओढू लागला.

अजूनही तो माझ्याशी फार बोलत नाही. कामापुरतं. पण माझ्या कीर्तनाला आला की आता शेवटपर्यंत बसतो.