सांगाडा आणि कवच : निवासी व्हॅनच्या अंतर्रचनेसंबंधी

मालवाहू व्हॅनचे फिरते घर करताना कापावयाचे काय आणि राखावयाचे काय, हा प्रश्न वरकरणी केवळ कारागिराचा वाटतो. वस्तुतः त्यात परिभाषेचाही भाग आहे. गाडीच्या भारवाहक रचनेस आपण सहज ‘सांगाडा’ म्हणतो, आणि त्या शब्दाबरोबर एक समजूत न बोलावता येते : हाडे भार वाहतात, कातडी नुसती झाकते. बैलगाडीपुरती ती खरी आहे. तेथे भार साट्यावर असतो. छप्पर काढले तरी गाडी चालते.

फोल्क्सवागेनची १९५० साली आलेली व्हॅन या कल्पनेत बसत नाही. तिच्या पहिल्या नमुन्यासाठी बीटल मोटारीचाच तळ घेतला होता. तो चाचणीत टिकला नाही. तेव्हा तळाच्या तुळया आणि वरचा पत्रा वेल्डिंगने एकजीव करण्यात आला. अशा गाडीत छप्पर, बाजू व तळ मिळून एक पेटी होते, आणि पीळ सर्व पत्र्यांत वाटला जातो. तिला ‘कवच’ म्हणणे अधिक यथार्थ.

वेस्टफालियाच्या १९५१ च्या ‘कॅम्पिंग बॉक्स’ने हा प्रश्न उद्भवूच दिला नाही; सामान आत ठेवावे, कामाच्या दिवशी बाहेर काढावे. अडचण सुरू झाली ती छप्पर उचलण्याच्या हौसेपासून. इंग्लंडात फोकस्टनच्या ‘डॉर्मोबाइल’ गाड्यांचे छप्पर एका बाजूच्या बिजागऱ्यांवर उघडत असे. (निजणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून घडविलेले हे व्यापारी नाव तेथे पुढे सामान्यनाम झाले.) त्यासाठी छताचे आडवे वासे कापावे लागतात, आणि वासे गेले की दोन्ही बाजू फाकू पाहतात. म्हणून उघडणाऱ्या भागाच्या कडेने पोलादी चौकट आधी जोडावयाची, मगच वासे कापावयाचे. क्रम उलटल्यास गाडी किंचित वाकते, दरवाजे अडू लागतात, आणि नंतर बसविलेली चौकट तो वाक कायम करून टाकते.

खिडकीही निरुपद्रवी नव्हे. रबरात बसविलेली काच कापलेल्या पत्र्याची जागा भरून काढीत नाही; चिकटविलेली काही अंशी काढते. चालकामागील आडभिंतीस हात लावण्यापूर्वी तर फारच विचार करावा. ती पिळास रोध करते आणि धडकेच्या वेळी मागील सामान अडविते. गुरुत्वाच्या दहापट मंदन झाल्यास ३० किलोचे कपाट ३०० किलोच्या भाराने पुढे येते. नुसत्या पत्र्यातील स्क्रू ते धरू शकत नाहीत. कपाट बाजूंच्या बरगड्यांना (येथे सांगाड्याची उपमा मागील दाराने परत येतेच) व तळातील तुळयांना बोल्टने आवळले पाहिजे.