हौद्याची माती

कोल्हापुरांत कुस्तीच्या हौद्यासाठीं माती निवडणें हें जाणत्या वस्तादाचें काम होय. काळी माती भिजली कीं चिकटते, सुकली कीं दगड होते. नुसती वाळू कातडी सोलते. म्हणून १९१२ सालीं पुऱ्या झालेल्या, शाहू महाराजांच्या खासबाग मैदानापासून गल्लींतल्या तालमीपर्यंत पसंती तांबड्या मातीला. ती बारीक चाळावी लागते. एक खडा राहिला तरी गुडघा फुटावयाचा! मग तींत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात. तेला-ताकानें धूळ बसते. हळदीचा गुण मात्र श्रद्धेनेंच अधिक मानला जातो. या जिनसांवर पैसा ओतून फावडें कोपऱ्यांत ठेवलें, तर घट्ट झालेल्या मातींत पाठीवर पडणाऱ्या पोराचा श्वास कोंडतो. माती रोज उकरावी. मूठभर दाबून पाहावी: गोळा व्हावा, पण बोट लागतांच फुटावा.