खड्डे मोजून वने उभी राहत नाहीत

१९५० च्या जुलै महिन्यात त्या वेळचे केंद्रीय अन्न व शेतीमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, त्याला आता पाऊणशे वर्षे झाली. एवढ्या काळात या उत्सवाचा आकार पुष्कळ वाढला. महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. २०१७ साली तो चार कोटींवर, २०१८ साली तेरा कोटींवर आणि २०१९ साली तेहतीस कोटींवर गेला. अशा प्रत्येक मोहिमेनंतर वाद होतो तो एकाच मुद्द्यावर: लावलेल्यांपैकी जगली किती? हा प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. ही रोपे कोणत्या जातींची होती, त्यांचे बी कोणत्या झाडांवरून आले, आणि उद्या ती वाढली तर त्यांना आपली प्रजा वाढविता येईल काय?

लागवड आणि वन यांतील भेद याच प्रश्नात दडलेला आहे. लागवड माणूस करतो आणि त्याने पाठ फिरविली की ती थांबते. वन स्वतः फुलते, फळते, बी सांडते आणि पुढची पिढी उभी करते. त्यासाठी परागकण वाहून नेणारा कीटक लागतो, फळ खाऊन बी दूर टाकणारा पक्षी लागतो, बी रुजेल अशी माती आणि नेमका तोच ऋतू लागतो. हे सारे नातेगोते हजारो वर्षांत जुळलेले असते. देशी झाडे लावावीत असा जो आग्रह धरला जातो, त्याचे खरे कारण स्वदेशीचा अभिमान हे नसून ही सोयरीक हे आहे.

सोपे तेच लावले जाते

मग आपल्या रस्त्यांच्या कडेला आणि टेकड्यांवर देशी झाडे कमी का दिसतात? गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष, गिरिपुष्प आणि सुबाभूळ मध्य व दक्षिण अमेरिकेकडची, निलगिरी ऑस्ट्रेलियातली. ही मंडळी येथे आली ती कोणाच्या कारस्थानामुळे नव्हे. रोपवाटिकेच्या दृष्टीने ती अतिशय सोयीची आहेत. गुलमोहराचे आणि सुबाभळीचे बी खूप दिवस टिकते. गरम पाण्यातून काढले की थोड्याच दिवसांत रुजते. गिरिपुष्पाची तर फांदी तोडून जमिनीत रोवली की तिला पालवी फुटते. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. अमुक महिन्यात अमुक हजार रोपे द्या, असा आदेश सुटला की तो पुरा करण्यास अशी झाडे हाताशी असतात.

परके झाड म्हणजे पाप, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. मिरची, बटाटा, पेरू आणि सीताफळ यांनाही आपण अमेरिकेतूनच आणले आणि घरचे केले. रखरखीत माळावर सावली देणाऱ्या झाडाची जात विचारीत बसण्याचे कारण नाही. परंतु जेथे नाहीसे झालेले वन परत आणावयाचे आहे, तेथे केवळ रोप करणे सोपे म्हणून एखादी जात निवडणे म्हणजे दिव्याखाली उजेड आहे म्हणून हरवलेली वस्तू तेथेच शोधण्यासारखे आहे.

बियांचे स्वभाव

देशी झाडांचे रोप अवघड, असा समज रोपवाटिकांत रूढ आहे. वस्तुतः ते अवघड नाही. त्याला ज्ञान लागते आणि वेळ पाळावी लागते. प्रत्येक बियाचा स्वभाव वेगळा असतो. काही बिया वाळवून डब्यात भरल्या तर वर्षानुवर्षे टिकतात. काहींना वाळविणे म्हणजेच मारणे. जांभळाचे बी ओलसर असेपर्यंतच जिवंत असते. पंधरवडाभर उघडे ठेवले की त्याची उगवणशक्ती संपत जाते. कडुनिंबाचे आणि मोहाचे बी काही आठवड्यांचेच धनी. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते; ते ताजे असताना सहज रुजते, पण वर्षभर साठविले तर निकामी होते.

उलट, बहाव्याच्या बियाचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरत नाही. रानात कोल्हे, माकडे आणि अस्वले शेंगेतला गर खातात आणि बिया पसरवितात. रोपवाटिकेत तेच काम बी कानशीने किंचित घासून साधते. सागाचे फळ आळीपाळीने भिजवावे आणि उन्हात वाळवावे लागते. चंदनाची गोष्ट आणखी निराळी. ते अर्धपरोपजीवी आहे. शेजारच्या झाडाच्या मुळांना आपली मुळे भिडवून ते पोषण मिळविते. म्हणून रोपाच्या पिशवीतच त्याच्या सोबतीला तूर पेरतात. ज्याला हे ठाऊक नाही तो चंदनाचे एकटे रोप लावतो, ते पिवळे पडते, आणि मग जमिनीला दोष दिला जातो.

आता या स्वभावांची सांगड सरकारी कामकाजाशी घालून पाहावी. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. जांभूळ आणि मोह यांचे बी पावसाच्या तोंडावर, जूनच्या आसपास हाती येते. ते त्याच आठवड्यात पेरले तर रोप लावण्याजोगे होते पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात. म्हणजे बी गोळा करण्याचा खर्च एका अंदाजपत्रकात आणि रोप दुसऱ्यात. मंजुरी येईपर्यंत थांबावे तर बी मेलेले असते. कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. जांभळाला आपले वेळापत्रक बदलता येत नाही. ते बदलावयाचे तर मंजुरी देणाऱ्यांनीच बदलले पाहिजे.

फुलांचे सोयरे

बी हाती येण्यापूर्वी ते धरावे लागते, आणि येथे झाडाच्या संसाराचा खरा गुंता सुरू होतो. पळसाला पाने तीन, एवढे आपल्याला म्हणीमुळे ठाऊक असते. त्याला फळ कोणामुळे धरते हे फारसे ठाऊक नसते. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, पळसाच्या फुलांवर अनेक जातींचे पक्षी येत असले तरी परागसिंचनाचे काम प्रामुख्याने जांभळा शिंजीर हा चिमुकला पक्षी आणि खार हे दोघेच करतात. फुलावर गर्दी करणारे सगळेच उपयोगी नसतात. बहाव्याच्या पिवळ्या फुलात मध नसतो, असतात ते फक्त परागकण. ते झाडून घेण्यासाठी जाडजूड काळा भुंगा येतो आणि त्याच्या अंगाला लागलेला पराग दुसऱ्या झाडापर्यंत पोहोचतो.

‘उंबराचे फूल’ हा आपल्या भाषेत दुर्मिळतेचा वाक्प्रचार आहे. पण उंबराला फुले असतात, आणि ती शेकड्यांनी असतात. फक्त ती फळाच्या आत मिटलेली असतात. उंबर फोडल्यावर जी केंबरे बाहेर पडतात, त्यांतल्याच एका चिमुकल्या जातीच्या गांधीलमाशीवर या झाडाची संतती अवलंबून असते. वड, पिंपळ, उंबर यांपैकी प्रत्येकाची गांधीलमाशी सामान्यतः वेगळी. तिचे प्रौढ आयुष्य फार तर एकदोन दिवसांचे. तेवढ्यात तिला त्याच जातीचे, योग्य अवस्थेतले फळ धरलेले दुसरे झाड गाठावे लागते. म्हणून एका परिसरात एकच उंबर राखून भागत नाही. पुष्कळ उंबर हवेत आणि ते वेगवेगळ्या वेळी फळणारे हवेत. रस्तारुंदीकरणात एकेक उंबर जातो तेव्हा तुटते ती एक साखळी. बदल्यात लावलेल्या झाडांच्या संख्येने ती सांधली जात नाही.

कलमाची मर्यादा

बियांचा हा सगळा खटाटोप टाळून फांद्या लावल्या किंवा कलमे बांधली तर काय बिघडले, असा प्रश्न येथे कोणी विचारील. काही ठिकाणी तो उपाय योग्यही आहे. कोकमाची झाडे नर आणि मादी अशी वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत काही वर्षे ते कळत नाही. शेतकऱ्याला हे परवडणारे नाही. त्याच्यासाठी मादी झाडाचे कलम हीच वाट बरोबर. परंतु जंगलात कोकम परत आणावयाचे असेल तर फळ न देणारे नर झाडही तेथे तितकेच हवे.

शिंदळ माकडी या वनस्पतीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर, शिवनेरी, सज्जनगड यांसारख्या मोजक्या ठिकाणी ती आढळते. १८६० च्या दशकात डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. ही दुर्मिळ वनस्पती कुंडीत, फांदीच्या तुकड्यापासून अगदी सहज वाढते. म्हणजे ती वाचली असे समजावे काय? फांदीपासून केलेली शंभर रोपे ही शंभर व्यक्ती नव्हेत. त्या एकाच व्यक्तीच्या शंभर प्रती होत. एखादा रोग एकीला मारू शकला तर तो साऱ्यांना मारील. कड्यावर मात्र माश्या एका झाडाचा पराग दुसऱ्याला नेतात, बी धरते, आणि प्रत्येक बियात थोडा वेगळेपणा येतो. बदलत्या हवामानात टिकून राहण्याचे भांडवल म्हणजे हाच वेगळेपणा. कुंडीतली रोपे हा विमा आहे; मूळ ठेव कड्यावरच आहे आणि ती तेथेच राखली पाहिजे.

हाच नियम बियांनाही लागू पडतो. रोपवाटिकेच्या फाटकाजवळच्या एकाच झाडाचे बी गोळा करून तालुकाभर रोपे वाटली, तर एका कुटुंबाची संतती सर्वत्र जाते. पुढे ती आपसांतच फळू लागली की पिढी दुबळी होत जाते. बी अनेक झाडांवरून, एकमेकांपासून दूर उभ्या असलेल्या झाडांवरून आणि शक्यतो त्याच भागातून घेतले पाहिजे. विदर्भातल्या उन्हात वाढलेल्या झाडाचे बी आणि कोकणातल्या पावसात वाढलेल्या झाडाचे बी जातीने एक असले तरी गुणाने एक असेलच असे नाही.

विद्या आहे, व्यवहार नाही

ही विद्या आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. ज्या १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला, त्याच साली पंचानन महेश्वरी यांचा सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या विद्यापीठांनी तो डोक्यावर घेतला. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी सूची प्रसिद्ध केली, तीत पुष्कळ जातींची मराठी नावे आणि फुलण्याचे महिने दिलेले आहेत. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी आपल्या देवरायांचा अभ्यास करून हे दाखविले की, भोवतालचे रान उजाड झाले असतानाही जुनी झाडे तेथे टिकून आहेत. बियांसाठी मातृवृक्ष शोधावयाचे तर देवराईसारखी जागा नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती जोपासल्या गेल्या. पण ही विद्या ग्रंथालयात राहते आणि रोपवाटिका जुन्या ठेक्याने चालते. दोघींची गाठ पडत नाही.

ही गाठ घालण्यात शाळा-महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. प्रत्येक शाळेने आपल्या पंचक्रोशीतल्या पन्नास देशी झाडांची नोंदवही ठेवावी. कळी कधी आली, फूल कधी उमलले, त्यावर कोण आले, फळ कधी पिकले, बी कधी पडले, किती बिया पेरल्या आणि किती रुजल्या, एवढेच लिहावे. यास प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. लागते ते सातत्य. पाच वर्षांच्या अशा नोंदी कोणत्याही रोपवाटिकेला सोन्याच्या मोलाच्या ठरतील. कारवीसारख्या वनस्पतीसाठी तर त्यांना पर्यायच नाही. ज्या कारवीच्या कुडावर कोकणातली आणि मावळातली घरे उभी राहिली, ती सात-आठ वर्षांतून एकदाच एकगठ्ठा फुलते, बी धरते आणि मरते. नेमक्या त्या हंगामात, बी पडण्यापूर्वी तिची तोड झाली, तर तेथली सगळी पिढीच बुडते.

शासन आणि नगरपालिका यांच्याकडून अपेक्षा तीनच. देशी बियांच्या खरेदीस ऋतूप्रमाणे आगाऊ मंजुरी द्यावी. रोपवाटिकेने प्रत्येक जातीचे बी कोठून आणि किती झाडांवरून आणले, याची नोंद रोपासोबत द्यावी. आणि लागवडीचा अहवाल मागताना केवळ रोपांची संख्या न मागता जातींची यादीही मागावी. गृहनिर्माण संस्थांना तर एवढेही करावे लागणार नाही. फाटकाशी बहावा किंवा ताम्हण, अंगणात बकुळ किंवा कांचन, कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा, ही काही अप्राप्य झाडे नव्हेत. ताम्हण तर राज्याचे पुष्प. अशोक म्हणून जे सरळसोट उंच झाड पुष्कळदा विकले जाते तो अशोक नसून आसुपालव असतो. खरा सीताअशोक, ज्याच्या सालीसाठी रानोमाळ तोड झाली, तो मागून घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाने मागितले तर विकणारा पिकवील, हा बाजाराचा साधा नियम आहे.

देशी रोप तयार होण्यास एखादे वर्ष अधिक लागेल, संख्या कमी भरेल आणि उद्‌घाटनाच्या छायाचित्रात रोप खुजे दिसेल, हे मान्य केले पाहिजे. पण वृक्षारोपण यशस्वी झाले की नाही याचा निर्णय पहिल्या पावसाळ्यात लागत नाही. तीन वर्षांच्या जगल्या-मेल्याच्या हिशेबातही तो पुरता लागत नाही. लावलेल्या झाडाखाली, कोणीही न लावलेले त्याचे पहिले रोप उगवते तेव्हा तो लागतो. आपल्या मोहिमांचे मोजमाप आजवर खड्ड्यांनी झाले. यापुढे ते या आपोआप उगवलेल्या रोपांनी व्हावे.