कडेवर एक, पोटात एक

अमरावतीत अंबादेवीच्या दर्शनाची रांग असो, बडनेऱ्याचा फलाट असो की अकोल्याचं बसस्टँड, दृश्य ठरलेलं असतं. सहा-सात महिन्यांची गरोदर बाई, तिच्या ओढणीचं टोक धरून उभं असलेलं साडेतीन वर्षांचं लेकरू आणि शेजारी एक अनोळखी आजी. आजी लेकराच्या हनुवटीला बोट लावते. "काय रे बापू, भाऊ पायजे का बहीण?" लेकरू तोंडातला पेढा सावरत म्हणतं, "भाऊ." आजीचा चेहरा खुलतो. "लेकराची वाणी खरी होते व बाई!" तेवढ्यात लेकरू हात वर करतं, आई त्याला कडेवर घेते आणि आजी दचकते. "याले कडेवर कायले घेतं? उचलत नोको जाऊ."

दोन मिनिटांत एक भविष्य आणि एक मनाई. दोन्हींत माया आहे, पण भविष्याला आधार नाही आणि मनाईमागचं कारण चुकीचं आहे. दर्शन आटोपून हीच बाई त्या लेकराला स्कूटीवर पुढं उभं करून भर दुपारी घरी निघते, तेव्हा मात्र तिला कुणी अडवत नाही. पहिलं लेकरू हाताशी आणि दुसरं पोटात, अशा काळातल्या बहुतेक गैरसमजांची हीच गत आहे: धाक एकीकडं, धोका दुसरीकडं.

गैरसमज: मोठ्याच्या बोलण्यावरून किंवा भोवऱ्यावरून पोटातलं कळतं

डोक्यावरचा भोवरा कुठल्या बाजूला आहे, पहिला शब्द 'आई' होता की 'बाबा', मांडीवरच्या वळ्या किती, अशा खुणांवरून पाठचं भावंड सांगणारे जाणकार गल्लोगल्ली भेटतात. त्यांचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतो, कारण उत्तरं दोनच आहेत. खरं ठरलेलं भाकीत वर्षानुवर्षं सांगितलं जातं, चुकलेलं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

वस्तुस्थिती शाळेच्या पुस्तकातलीच. स्त्रीबीजाला एक्स गुणसूत्र असलेला शुक्राणू मिळाला तर मुलगी, वाय असलेला मिळाला तर मुलगा. गर्भ राहतो त्या क्षणी हे ठरून जातं. मोठ्या लेकराचा भोवरा तर त्याआधीच कधीतरी ठरलेला असतो. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, साल १९८८. देशभराचा कायदा १९९४ चा. भोवरा पाहणं कायद्यात बसत असलं, तरी 'भाऊ का बहीण' या प्रश्नाचं ओझं साडेतीन वर्षांच्या जिवावर पडतं. आपण 'भाऊ' म्हटलं आणि बहीण आली, तर आपलंच काही चुकलं असं त्याला वाटू शकतं.

गैरसमज: मोठ्याला उचललं की गर्भ पडतो

सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष आढळतो. तो गर्भ राहतानाच आलेला असतो. आईनं बादली उचलली, जिना चढला किंवा लेकराला कडेवर घेतलं, यामुळं तो येत नाही. तरीही गर्भ गेल्यावर घरातली पहिली चौकशी "काही उचललं होतं का?" हीच असते, आणि ती बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते.

म्हणून कितीही उचलावं, असंही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा संस्थेनं गरोदर कामगार स्त्रियांसाठी तात्पुरती मर्यादा सुचवली आहे. अधूनमधून आणि अंगाजवळ धरून उचलायचं ओझं पहिल्या २० आठवड्यांत साधारण १६ किलो, त्यानंतर १२ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १४ किलोच्या आसपास आणि चार वर्षांच्या मुलाचं १६ किलोच्या आसपास आहे. म्हणजे पाचव्या महिन्यानंतर लेकरू तसंही मर्यादेच्या पुढं गेलेलं असतं. या मर्यादेचं कारण आईची कंबर आणि तोल. या काळात सांधे धरून ठेवणारे बंध सैल होतात, पोटाचं वजन पुढं जातं आणि पाय घसरायची शक्यता वाढते.

घरचा उपाय सोपा आहे. आईनं खाली बसावं आणि लेकरानं मांडीवर चढावं. उचलायचंच तर गुडघ्यांत वाकून, छातीशी धरून उचलावं. रक्तस्राव, वार खाली असणं किंवा गर्भाशयाचं तोंड आखूड असणं यांपैकी काही निघालं असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तेच खरं.

गैरसमज: प्रवास म्हणजे धोका, घाट म्हणजे महाधोका

अमरावती-अकोला रस्त्याची एके काळची खड्डेमय कीर्ती पाहता ही भीती कुठून आली ते कळतं. त्याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता बदलला, भीती तशीच राहिली. साध्या, गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात बसचे किंवा रेल्वेचे धक्के गर्भ पाडत नाहीत. तो पाण्याच्या पिशवीत आणि गर्भाशयाच्या जाड स्नायूंच्या आत असतो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेची काळजी साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होते. परतवाड्याहून वर जाताना घाटात मळमळेल, एवढंच. लांबच्या प्रवासात दर तासा-दीड तासानं उठून चार पावलं चालणं गरजेचं आहे, कारण गरोदरपणात पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढलेला असतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही. तरी गर्दीत सीट मिळाल्याशिवाय चढू नये.

खरा धोका दुचाकीवर आहे. केंद्राच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा सक्तीचा आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. अमरावतीच्या राजकमल चौकात थोडा वेळ उभं राहून मोजलं, तर हा नियम पाळणारे किती दिसतात ते कळेल. चारचाकीतही "पट्टा पोटाला लागते" म्हणून तो न लावणं ही उलटी काळजी झाली. खालचा पट्टा पोटाखालून मांड्यांवर आणि वरचा छातीच्या मधून घेतला, तर अपघातात आई आणि बाळ दोघंही वाचण्याची शक्यता वाढते.

गैरसमज: ऊन सवयीचं, कूलर बाधतो

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४४ अंशांच्या पुढं जाणं ही तिथं बातमी राहिलेली नाही. म्हणूनच "आपल्याले ऊन काय नवीन हाय" असं म्हटलं जातं आणि गरोदर बाईला कूलरसमोरून मात्र उठवलं जातं. खरं तर उलट हवं. तीव्र उष्णतेचा संबंध मुदतपूर्व प्रसूतीशी असल्याचं जगभरातल्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि लहान मुलाचं अंगही मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. कूलरची हवा बाधत नाही, बाधतं ते त्यातलं साचलेलं पाणी. डेंगीचा डास तिथं अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासली, की ती साखळी तुटते.

उन्हाळ्यात अमरावतीतल्या वडाळीच्या बागेत किंवा अकोल्याच्या नेहरू पार्कात जायचं तर सकाळी नऊच्या आत, नाही तर पाचनंतर. सोबत पाण्याची बाटली, ताक आणि ओआरएसची पुडी. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत लेकराला पाच मिनिटंही एकटं ठेवू नये, कारण आतलं तापमान वीस मिनिटांत दहा अंशांहून जास्त चढतं.

गैरसमज: आपल्याच लेकराच्या उष्ट्यानं काय होतं

लेकराच्या ताटात उरलेला भात आई संपवते, त्याच्याच चमच्यानं. यात प्रेम आहे, आणि कधी कधी सायटोमेगॅलो नावाचा विषाणूही. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून तो पसरतो. मोठ्या माणसाला तो जाणवतही नाही, पण गर्भापर्यंत पोचला तर बाळाच्या ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. भारतात बहुतेक प्रौढांना तो आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. चमचा वेगळा ठेवायचा, नाक पुसल्यावर आणि चड्डी बदलल्यावर साबणानं हात धुवायचे, बस्स. बागेतल्या वाळूत खेळून आल्यावरही हात धुवावेत, कारण मांजरं तीच वाळू शौचाला वापरतात.

मोठ्याचं लसीकरण हे पोटातल्याचंही संरक्षण आहे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत झालेला असायला हवा. रुबेला गरोदरपणात झाला तर बाळात जन्मजात दोष येऊ शकतात. आणि "मागच्या खेपेला सुया झाल्या, आता गरज नाही" हेही अर्धंच खरं. मागच्या गरोदरपणात टीडी (धनुर्वात-घटसर्प) लशीचे दोन डोस तीन वर्षांच्या आत झाले असतील, तर या वेळी एक बूस्टर लागतो. त्याहून जास्त काळ लोटला असेल, तर पुन्हा दोन.

गैरसमज: पोटातलं बाळ मोठ्याला ओढतं

दुसऱ्या वेळी दिवस गेले की मोठं लेकरू रोडावतं, हे निरीक्षण जुनं आहे. घानामध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये एका कुपोषणाला तिथलंच स्थानिक नाव दिलं, 'क्वाशिओरकोर'. पाठचं भावंड आल्यावर आधीच्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. कारण पोटातलं बाळ नव्हे. दूध तुटतं आणि त्याच्या जागी पुरेसं अन्न मिळत नाही. साध्या गरोदरपणात अंगावर पाजणं चालतं, ते दूध 'खराब' होत नाही, फक्त मधल्या महिन्यांत कमी होतं. तेव्हा मोठ्याच्या ताटात डाळ, अंडं, शेंगदाणे वाढवावे लागतात.

मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, याचं उत्तर एकाच अंगणवाडीत मिळतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतून गरोदर आईला एक वेळचं पूर्ण जेवण आणि लेकराला अंडं किंवा केळं. दोघांची वजनंही तिथंच होतात.

गैरसमज: एवढं मोठं झालं, आता नाटकं करतं

चड्डी ओली न करणारं लेकरू आठव्या महिन्यात पुन्हा ओली करायला लागतं, बोबडं बोलतं, बाटली मागतं. हे नाटक नाही. घरातले सगळे बाळाबद्दल बोलतात, आईची मांडी आक्रसत जाते, हे त्यालाही कळतं. रात्री अंथरूण ओलं होण्याला तर पाच वर्षांपर्यंत आजार धरतच नाहीत. रागावण्यापेक्षा दिवसातली पंधरा-वीस मिनिटं फक्त त्याची ठेवलेली बरी. नव्या सवयी प्रसूतीच्या तोंडावर लावू नयेत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या अखेरीस उघडतात. प्रसूती जुलैत असेल, तर बालवाडीचा पहिला दिवस आणि बाळाचं घरी येणं एकमेकांवर आदळतात. त्याला ते 'मला बाहेर काढलं' असंच वाटणार.

पण याच कारणाखाली खरी अडचण झाकली जाते. "याचे बाबाही उशिराच बोलले", "बाळ येणार म्हणून गप्प झालाय" असं म्हणत वर्ष निघून जातं. तीन वर्षांचं लेकरू स्वतःचं नाव सांगतं, 'का, कुठं, कोण' विचारतं आणि परक्यालाही त्याचं बोलणं बरंचसं कळतं. चार वर्षांचं चार शब्दांचं वाक्य बोलतं, मोठा चेंडू झेलतं, गुंडी काढतं. यातलं काही होत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं हरवलं आणि परत आलं नाही, तर ऐकण्याची तपासणी आधी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. त्या दिवशी लेकरू घरी नको.

गैरसमज: दुसरं बाळंतपण सोपं, उशिरा निघालं तरी चालतं

दुसऱ्या वेळी कळा बहुतेकदा लवकर उरकतात, हे खरं आहे. पण त्यामुळंच दवाखान्यात लवकर निघावं लागतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. अमरावतीचं डफरीन किंवा अकोल्याचं लेडी हार्डिंग या स्त्री रुग्णालयांत जायचं ठरलं असेल, तर वाट आणि दार तेव्हाच पाहून ठेवता येतं. मातृवंदना योजनेत, अटींत बसणाऱ्या घरात, दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी नोंदणी वेळेत हवी.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी झालेलं असतं; दुसऱ्या वेळी मागं एक लेकरू असतं आणि घाई रात्री दोनलाही होऊ शकते. त्याला कुणाकडं ठेवायचं, तो त्या घरी एक-दोनदा झोपून आलाय का, त्याची उशी कुठली, त्याला गोष्ट कुठली लागते, हे सगळं सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावं. बाळंतिणीच्या पिशवीशेजारी एक छोटी पिशवी त्याची: दोन चड्ड्या, रोजचा पेला आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर पाठ असलेल्या शेजारणीच्या घराची चावी.